गिटार आली, आधी तिला टेकू तर द्या

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नारळी पौर्णिमा झाली, गणपती तोंडावर आले आणि ऑनलाइन सेलही लागले, त्यामुळे या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत. नवी गिटार पार्सलने आली, आता खोका उघडायचा कधी आणि उघडल्यावर काय काय करायचं नाही. म्हणून या महिन्यात दुसरं काहीच घेतलेलं नाही. पेटीवाल्यांनी रागावू नये, तुमच्या अडकलेल्या पट्ट्या पुढच्या अंकात.

प्रश्न: मी 18 हजारांची सॉलिड टॉपची (वरची फळी, म्हणजे टॉप, अखंड लाकडाची) अकूस्टिक गिटार मागवली. कुरियरवाला भर पावसात देऊन गेला. यूट्यूबवर जो तो सांगतो की 24 तास बॉक्सला हात लावायचा नाही, गिटारला रूम टेंपरेचरला येऊ द्यायचं. पण आमच्याकडे कुठे बर्फ पडतो? आणि विकणाऱ्याला रिटर्नसाठी अनबॉक्सिंगचा व्हिडिओ लागतो, तोही लगेच. खरंच थांबायचं, की हे गोऱ्यांचं फॅड आहे?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: फॅड नाही हो, पण तो सल्ला तिकडे ज्या कारणासाठी देतात ते कारण आपल्याकडे नाही, एवढं तुमचं बरोबर. अमेरिका-कॅनडात जानेवारीत डिलिव्हरीची व्हॅन शून्याच्या खाली असते, गिटार रात्रभर त्यात गारठलेली, आणि ती तशीच हीटरच्या खोलीत आणून झाकण उघडलं की वरचं पॉलिश आणि खालचं लाकूड एकसारखं फुगत-आकसत नाही, मग पॉलिशला केसासारख्या बारीक चिरा जातात. नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर जास्तच, गिब्सन कंपनीच्या महागड्या गिटारींवर असतं ते. तुमच्या-आमच्या बजेटमध्ये बहुतेक पॉलियुरेथेन नाहीतर पॉलिएस्टरचा थर असतो, तो बराच चिवट. तेव्हा चिरांची भीती मनातून काढून टाका.

आपण थांबायचं ते वेगळ्या कारणांनी. एक म्हणजे ऊन. कुरियरची बंद गाडी दुपारी हायवेला उभी राहिली की आत भट्टी होते, मे महिना आणि ऑक्टोबर हीट असेल तर विचारूच नका. आता गिटारचा ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टोक जिथे अडकवलेलं असतं ती पट्टी, बहुतेक गिटारींत नुसती ग्लूने टॉपवर चिकटवलेली असते आणि साध्या लाइट, म्हणजे बारीक, तारा पूर्ण सुरात लावल्या की त्या पट्टीवर सगळ्या मिळून 70 किलोच्या आसपास ओढ येते. तापलेला ग्लू मऊ पडतो. म्हणून गरम गिटार बाहेर काढून लगेच खुंट्या पिळायच्या नाहीत, आधी तिला निवू द्यायचं. कंपनीतून येताना तारा बहुतेक वेळा थोड्या ढिल्याच असतात, तशाच राहू देत.

दुसरं कारण एसी. तुमचं पार्सल पावसात आलंय म्हणून हे नीट वाचा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा 27 डिग्री आणि आर्द्रता 90 टक्के असणं म्हणजे रोजचंच, आणि अशा हवेत 25 डिग्रीपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. म्हणजे मुंबईच्या एसी शोरूममधून एसी गाडीत टाकून आणलेली गिटार घरी पडवीत उघडलीत तर तारा, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), खुंट्या सगळ्यावर बारीक थेंब जमतील. पॉलिशला त्याचं काही नाही, पण फिंगरबोर्डला, म्हणजे मानेवरच्या ज्या फळीवर बोटं दाबतो तिला, पॉलिश नसतं आणि आतून तर गिटारचं लाकूड कोरंच असतं. खोका बंद ठेवला की आतली गिटार हळूहळू खोलीच्या तापमानाला येते आणि दव धरतच नाही, पुठ्ठ्याचा उपयोग तेवढाच.

24 तास हा काही मंत्र नाही. कुरियरने साध्या गाडीतून आलेलं पार्सल संध्याकाळपर्यंत ठेवलं तरी पुरे, एसीतून आलेलं असेल तर रात्रभर ठेवा. खात्री करायची असेल तर झाकण थोडं किलकिलं करून आत हात घाला आणि डोक्याकडच्या खुंट्यांचा धातू बोटाने बघा. गार लागला तर झाकण परत बंद. ना गार ना गरम असा लागला तर उघडा.

पण एक अपवाद आहे आणि कोकणात तो नेमाने होतो. बाहेरचा पुठ्ठा भिजलेला असेल तर अजिबात थांबायचं नाही. ओला पुठ्ठा म्हणजे गिटारभोवती गुंडाळलेलं ओलं फडकं, तो लगेच काढून फेका, आतली पिशवी किंवा केस कोरडी आहे का बघा, आणि कोरडी असेल तर ती बंद ठेवून पुढचे तास मोजा. 24 तास सांगणारे हे सांगत नाहीत कारण त्यांच्या दारात पागोळ्या गळत नसतात.

व्हिडिओचं म्हणाल तर कुरियरवाला असतानाच खोक्याच्या सहाही बाजू, कोपरे आणि लेबल शूट करून ठेवा, आणि उघडण्याचा व्हिडिओ संध्याकाळी सलग एकच काढा. विकणाऱ्याची मुदत आधी वाचून ठेवा म्हणजे झालं. गिटार दोन मिनिटं बाहेर काढून मान तुटलेली नाही, टॉपला तडा नाही, ब्रिज उचललेला नाही एवढं बघून परत केसमध्ये ठेवली तर काही बिघडत नाही. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. आत गेला तर ब्रिज सुटतोय, तसाच फोटो काढा आणि त्याच दिवशी तक्रार टाका.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. तापमान जमायला एक रात्र पुरते, ओल जमायला दोन-तीन आठवडे जातात. कारखान्यात गिटारी 45 ते 55 टक्के आर्द्रतेच्या हिशोबाने बनवतात, आणि तुमच्या खोलीत श्रावणात 85 आहे. लाकूड हवेतलं पाणी पिणार, तुमचे दरवाजे जसे जुलैत चौकटीत अडकतात तसंच, फक्त गिटारचा टॉप तीनेक मिलिमीटर जाडीचा असतो म्हणून इथे थोडंही बिनसलं की लगेच हाताला कळतं. त्यामुळे आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात गिटार चांगली की वाईट, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर की खाली, यावर निकाल देऊ नका. तुटफूट पहिल्या दिवशी बघायची, स्वभाव महिन्याभराने.

प्रश्न: गिटार इली हा पण झील काय आयकना नाय, आत्ताच वाजवूचा म्हणता. काय करू?
एक आई, कुडाळ

उत्तर: वाजवू दे की! संध्याकाळपर्यंत थांबवा, तेवढा वेळ त्याला ट्यूनरचं ॲप डाऊनलोड करायला लावा. नंतर तारा एकदम न ओढता आधी सगळ्या थोड्या थोड्या चढवा आणि मग दुसऱ्या फेरीत सुरात आणा. तो विचारील की आत्ता तर लावली आणि परत उतरली कशी. नव्या तारा ताणल्या जातात म्हणून उतरतात, खोली तापली की धातू वाढतो म्हणून आणखी उतरतात, आणि लाकडाने ओल धरली की टॉप फुगून तारा उलट चढतात. पहिले काही दिवस हे तिन्ही एकदम चाललेलं असतं त्यामुळे दर वेळी बसलं की ट्यून करायचं, त्याला कान लागेल हा फायदाच.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे. नव्या गिटारसोबत ह्युमिडिफायर पण घेतला, तो साउंडहोलमध्ये, म्हणजे टॉपच्या गोल भोकात, अडकवायचा स्पंजवाला. रिव्ह्यूमध्ये सगळे म्हणत होते मस्ट आहे. किती दिवसांनी पाणी भरायचं?
एक वाचक, चिपळूण

उत्तर: कधीच नाही. अगं, तो स्पंज कोरड्या देशांसाठी आहे, जिथे हिवाळाभर हीटर चालू असतो आणि घरातली हवा 20-25 टक्क्यांवर येते, तिथे लाकूड सुकून टॉप खचतो, तडा जातो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला ओरबाडतात. चिपळूणला पावसात गिटारच्या पोटात ओला स्पंज टाकणं म्हणजे वाशिष्ठीला पूर आला असताना पंप लावून विहीर भरणं. परत होत असेल तर परत कर, नाहीतर विदर्भात कोणी मैत्रीण असेल तिला दे, नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तिला खरंच लागेल.

तुला पाहिजे ते याच्या उलटं. सगळ्यात आधी एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर, घे. स्वस्तातले चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात म्हणून तो घरीच तपासून घ्यायचा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घे, त्यात थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं कर, मीठ विरघळून जाईल इतकं पाणी नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिपच्या पिशवीत हवा ठेवून बंद कर आणि रात्रभर ठेव. सकाळी आकडा 75 च्या आसपास हवा, कारण ओल्या मिठावरची बंद हवा नेहमी 75 टक्क्यांवर स्थिरावते. 80 दाखवत असेल तर तुझा मीटर 5 ने जास्त दाखवतो, तेवढे वजा करून वाचायचं.

नंतर सिलिका जेल, म्हणजे ओल ओढून घेणारे दाणे. इथे लोक एक गंमत करतात, कापडी गिग बॅगच्या खिशात दोन पाकिटं टाकतात आणि निश्चिंत होतात. कापडातून हवा सारखी येतजात असते, ती पाकिटं गिटारची ओल नाही तर अख्ख्या चिपळूणची ओल ओढत बसतात आणि दोन दिवसांत भरतात. सिलिका बंद हार्ड केसमध्येच उपयोगी. रंग बदलणारे दाणे घे, निळे असतील तर भरल्यावर गुलाबी होतात, केशरी असतील तर हिरवट. मग जुन्या कढईत मंद आचेवर परतले की परत कोरडे, पण ती कढई परत जेवणाला वापरायची नाही, निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट असतं. बोव्हेडा किंवा डॅडारिओची दोन्हीकडून काम करणारी पाकिटं मिळतात, ओल जास्त झाली की घेतात आणि कमी झाली की सोडतात, चांगली असतात पण आपल्या पावसात लवकर भरतात आणि खिशाला लागतात. मला विचारशील तर तो खर्च हार्ड केसवर कर.

45 ते 55 चा हट्टही धरू नकोस. जुलैत 60-65 वर ठेवता आली तरी खूप झालं.

प्रश्न: मुलीला जूनमध्ये गिटार घेऊन दिली. आली तेव्हा छान होती, आता तारा इतक्या वर गेल्यात की तिची बोटं सोलवटली. इथे एक जण म्हणतात सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती हाडाची पट्टी) घासून खाली करतो, दुसरे म्हणतात ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची दांडी) पिळा. गिटार खराब निघाली का?
एक पालक, देवगड

उत्तर: खराब नाही, फुगली आहे. दोघांनाही सध्या चहा पाजून घरी पाठवा.

झालंय असं की टॉपने ओल धरली आणि ब्रिजच्या मागे त्याचं पोट वर आलं, पोटाबरोबर ब्रिज वर आला आणि ब्रिजबरोबर तारा. तुम्ही स्वतः बघू शकता. गिटार डोळ्याच्या पातळीला आडवी धरा आणि स्टीलची पट्टी कडेवर उभी करून ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवा, मध्ये टेकून दोन्ही कडांना फट दिसेल. थोडं पोट हे सगळ्याच गिटारींना असतं, पण जूनपेक्षा आता जास्त दिसत असेल तर उत्तर मिळालं. मग 12 व्या फ्रेटवर तारेच्या खालून फ्रेटच्या माथ्यापर्यंत अंतर मोजा. जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सगळ्यात बारीक तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीन-चार असेल तर बोटं सोलवटणारच.

आता सॅडल घासलंत तर आज तारा खाली येतील आणि मुलगी खूश होईल, पण दिवाळीनंतर वारा फिरला, हवा कोरडी झाली की पोट परत बसतं, तारा आणखी खाली येतात आणि प्रत्येक फ्रेटवर खरखर सुरू होते. घासलेलं हाड काही परत वाढत नाही, नवीन सॅडल करावं लागतं. ज्याला घासायचंय त्याला जानेवारीत बोलवा, तेव्हाही ॲक्शन वर असेल तर खुशाल घासू द्या.

ट्रस रॉडचं वेगळं. तो मानेचा बाक सांभाळतो, पोटाशी त्याचा संबंध नाही. बघायचंच असेल तर पहिल्या फ्रेटवर आणि 14 व्या फ्रेटवर जाड तार एकदम दाबा आणि मध्ये सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी फट बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असली की मान ठीक आहे, रॉडची किल्ली बाजूला ठेवून द्या. फट फार असेल किंवा अजिबात नसेल तर जाणत्याकडे न्या, तो एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवत नाही ना एवढं मात्र बघा.

तोपर्यंत मुलीसाठी उपाय सोपा आहे. तारा एक्स्ट्रा लाइटच्या घाला, किंवा सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावा आणि पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, सूर तोच राहील आणि बोटाला पुष्कळ हलकं लागेल. आणि गिटार स्टँडवर उघडी न ठेवता केसमध्ये आतल्या खोलीत ठेवा. तुमच्या पत्रात हॉलमध्ये समुद्राकडच्या खिडकीखाली असते असं लिहिलंय, तिथून ती आजच हलवा.

प्रश्न: मामा जानेवारीत पुण्याहून रातराणीने येताना माझ्यासाठी गिटार आणणार आहे. आत्ताच विचारून ठेवते. डिकीत टाकली तर चालेल का? आणि आल्यावर किती वेळ थांबायचं?
एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: तुझं पत्र बघून बरं वाटलं, गिटार यायच्या आधी विचारणारी तू एकटीच. डिकीत नको. एकतर वर बॅगा येऊन पडतात, शिवाय बऱ्याच गाड्यांत इंजिन मागे असतं त्यामुळे डिकीचा काही भाग चांगलाच तापतो. मामाला म्हणावं मांडीजवळ उभी धर, झोपलास तरी हात सोडू नकोस. निघताना तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवायच्या, पूर्ण ढिल्या करायच्या नाहीत, मानेवरचा ताण एकदम काढणंही बरं नाही.

जानेवारीत पुण्यात पहाटे 10-12 डिग्री असतं आणि हवा कोरडी, घाट उतरला की हवा बदलते, आणि सावंतवाडीत दुपारी 30 च्या वर. म्हणजे खऱ्या अर्थाने तापमान जुळवायची वेळ तुझ्यावरच येणार आहे. सकाळी आली की बॅगेतच ठेव, आंघोळ-नाश्ता होऊ दे, दुपारी जेवून उघड. जानेवारीत आपल्याकडे पावसाळ्याइतकी ओल नसते त्यामुळे गिटार घेण्यासाठी कोकणात हाच काळ सगळ्यात चांगला, लाकडाला पावसाआधी चार-पाच महिने हळूहळू सवय होते. सेल असो नसो, मी तर कोणालाही जूनमध्ये सॉलिड टॉप घेऊ नका म्हणूनच सांगतो. प्लायवूड टॉपची असेल तर एवढं जपायला नको, थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ती कमी हलते. सुरुवातीला शिकायला आणि वर्षभर खिडक्या उघड्या असलेल्या घराला तीच बरी, भले आवाज थोडा बसका असेना. लाकडाच्या शहाणपणासाठी तुला लांब जायला नको, तुमच्याच सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन लाकडी खेळणी करणाऱ्या कोणाशीही पाच मिनिटं बोल, ओल्या आणि सुक्या लाकडातला फरक ते माझ्यापेक्षा चांगला सांगतील.

प्रश्न: आमचं भजनी मंडळ. पोरांनी या वर्षी गिटार आणली, पखवाज आणि पेटीसोबत देवळातल्या कपाटात ठेवतो. कोणी म्हणतं फिंगरबोर्डला खोबरेल लावा म्हणजे पाणी लागत नाही. आणि कपाटात बल्ब लावला तर?
एक बुवा, मालवण

उत्तर: बुवा, खोबरेल नको. ते लाकडात पूर्ण मुरत नाही, वर राहतं, चिकट होतं, काही महिन्यांनी खवट वास मारतं आणि त्यावर बुरशी धरते ती वेगळीच. पावसाळ्यात फिंगरबोर्डला कुठलंच तेल लागत नाही. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसायच्या, घाम आणि खारी हवा मिळून साध्या तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात. पोरांना परवडत असेल तर कोटेड, म्हणजे वर संरक्षक थर दिलेल्या, तारा घ्यायला सांगा.

बल्बची युक्ती चांगली आहे. हवा तीन डिग्रीने तापवली की 27 ची 30 होते आणि 90 टक्के आर्द्रता 75 वर येते, पाणी तेवढंच राहतं पण हवा ते धरून ठेवते. मात्र बल्ब जुना तापणारा हवा, 10-15 वॉटचा, एलईडीने काही होत नाही. तो कपाटात खाली एका कोपऱ्यात, गिटारपासून हातभर लांब, जाळी लावून, आणि कापडी बॅग त्याला टेकणार नाही असा. वायरिंग वायरमनकडून करून घ्या, देवळाचं काम आहे. तुमच्या पखवाजालाही ती ऊब मानवेल. पण गिटार कपाटातून काढून थेट बाहेर मंडपात नेऊन लगेच सुरात लावू नका, आरतीच्या आधी अर्धा तास नेऊन ठेवा, मग ट्यून करा आणि पेटीच्या सुरावरच लावा. पेटीचे सूर काही तुम्हाला बदलता येत नाहीत, आणि जुनी पेटी ट्यूनरच्या 440 हर्ट्झच्या सुरावर असेलच असं नाही.

कपाट देवळाच्या पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आधी ते हलवा. पावसाचा मारा त्याच भिंतीवर असतो, मागची फळी हाताला ओलसर लागते का बघा.